चुनखडी आणि न खणलेला खड्डा

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. दादा (माझा थोरला भाऊ, नेवासा तालुक्यात शेती करतो) पहिल्यांदाच आमच्याकडे पार्सिपनीला आला होता. रविवारी सकाळी मी गराजमधून दोन पिशव्या काढल्या, त्यातले पांढरे दाणे ढकलगाडीसारख्या स्प्रेडरमध्ये ओतले आणि अंगणातल्या गवतावर फिरवायला लागलो. दादा पायरीवर चहा घेत बसला होता.

"हे काय, युरिया?"

"नाही रे, चुना. दर वर्षी टाकावा लागतो. नाहीतर इथली जमीन आंबट होते आणि गवताऐवजी शेवाळ उगवतं."

"विकत आणलास?"

"हो."

दादा आधी हसला. मग म्हणाला, "आमच्या रानात चुन्यानं झाडं गेली, आणि तू पैसे मोजून गवताला चुना लावतोयस!"

मीही हसलो, पण ते हसू काही फार टिकलं नाही. कारण गेलेली झाडं जितकी त्याची होती तितकीच माझी. २०१७ साली तीन एकरांत सव्वातीनशे मोसंबीची रोपं लावली ती मी पाठवलेल्या पैशांतून. कष्ट दादा-वहिनींचे. पाचव्या-सहाव्या वर्षी, ऐन फळावर यायच्या वेळी, कोवळी पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या, मधली जागा पिवळी. फवारण्या झाल्या, शेणखत झालं, झिंक आणि फेरस झालं. दोन वर्षांपूर्वी निम्मी बाग काढून टाकली. फोनवर आम्ही दोघंही 'नशीब' म्हणून मोकळे झालो होतो.

पण माझा धंदाच मातीचा. इमारतीच्या पायाखाली काय आहे ते बघण्यासाठी बोअरिंग घ्यायची आणि त्यांचे अहवाल लिहायचे हेच गेली पंचवीस वर्षं करतोय. मला नशीब म्हणण्याची सोय नाही. म्हणून हा लेख.

तर आधी मूळ प्रश्न. एकाच पृथ्वीवर पार्सिपनीत चुना कमी आणि नेवाशात जास्त, असं का?

उत्तर पावसात आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि त्याहून जास्त मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. मुळं आणि जीवजंतू श्वास घेतात, त्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्यापेक्षा दहापट, कधी शंभरपट असतो. असं पाणी दगडातलं, धुळीतलं कॅल्शियम विरघळवून बायकार्बोनेटच्या रूपात खाली नेतं. पुढे काय होतं ते पाणी किती आहे यावर ठरतं. न्यू जर्सीत वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर पडतो आणि तोही बाराही महिने वाटून. पाणी माती ओलांडून भूजलात, नदीत, समुद्रात जातं आणि कॅल्शियम सोबत नेतं. म्हणून माझं गवत उपाशी.

नेवाशात पाचशे-सहाशे मिलिमीटर, तेही चार महिन्यांत, आणि नंतर आठ महिने ऊन. पाणी हात-दोन हात खाली जातं आणि तिथेच थांबतं. मुळं ते शोषून घेतात, काही वाफ होऊन जातं, वायू निसटतो, आणि विरघळलेला चुना जागच्या जागी उरतो. पुढच्या पावसाळ्यात आणखी थोडा. अशी हजारो वर्षं. आधी खड्यांच्या खालच्या अंगाला पांढरा लेप बसतो, मग मातीत गोट्या तयार होतात, मग गोट्या एकमेकींना चिकटून सलग थर होतो. शेवटी त्यावर पाणी अडायला लागतं आणि पापुद्र्यांची चकचकीत साल चढते. गाइल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातल्या मातीवरून याच चार पायऱ्या मांडल्या. आजही माती वाचणारे लोक त्याच वापरतात.

या पदार्थाला भूशास्त्रात कॅलक्रीट म्हणतात. हा शब्द लॅम्पलू नावाच्या भूशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये काढला. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात लोक कॅलिची म्हणतात. पण त्याच्या कितीतरी आधी इंग्रजीने आपला 'कंकर' उचलला होता. 'हॉब्सन-जॉब्सन' या १८८६ च्या कोशात 'कुंकुर' म्हणून त्याची नोंद आहे. गावाकडे आपण सरसकट चुनखडी म्हणतो.

दादाला हे पटलं. पण पुढच्याच रविवारी त्याने मला अडचणीत आणलं. आमच्या घरून पश्चिमेला रूट ८० ने तासाभराच्या अंतरावर हार्डविक गावात व्हाइट लेक नावाचं तळं आहे. झाडांचे रंग बघायला म्हणून गेलो. या तळ्याच्या तळाशी पांढरा गाळ आहे, म्हणूनच हे नाव. दादाने काठावर बसून मूठभर गाळ उचलला, बोटांत चुरला. त्यात बारीक गोगलगाईंचे शंख होते.

"ही चुनखडीच की. तू तर म्हणालास, इथं सगळा चुना वाहून जातो."

प्रश्न बरोबर होता. हा चुना वेगळ्या रस्त्याने आलेला. त्या खोऱ्यात चुनखडक आहे. झरे त्यातून फिरून, चुना भरून घेऊन तळ्यात येतात. जमिनीखालून उजेडात आलं की पाण्यातला वायू निसटतो. कारा नावाची पाणवनस्पती उरलेला ओढून घेते आणि तिच्या अंगावर चुन्याची साल बसते. गोगलगाई शंख बांधतात. हे सगळं मरून तळाशी बसतं. याला मार्ल म्हणतात. एके काळी इथून ते सिमेंटसाठी काढत, त्या कामाच्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. (आपल्याकडे कंकर भट्टीत भाजून, बैलाच्या घाणीत मळून विहिरी आणि वाडे बांधले. कंकरात चिकणमाती मिसळलेली असल्याने त्याचा चुना पाण्यातही घट्ट होतो. आमच्या आजोबांची विहीर त्याच चुन्यातली.)

म्हणजे चुना साठण्याच्या दोन तऱ्हा. एक, वरून आलेलं पाणी जिथे संपतं तिथे. दुसरी, खालून आलेलं पाणी जिथे बाहेर पडतं तिथे. पहिली कोरड्याची खूण, दुसरी ओलीची. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही आम्लाच्या थेंबाने फसफसतात, पण सांगतात उलट गोष्टी. हा फरक कळला नाही की फसगत ठरलेली.

अशी फसगत चांगल्या चांगल्यांची झाली आहे. पाहुण्यांना लास व्हेगास दाखवणं हे आपल्या लोकांचं कुलदैवतच, तेव्हा आम्हीही दादाला घेऊन गेलो. तिथे माझा एक कॉलेजमित्र राहतो. त्याने मागच्या अंगणात पोहण्याचा तलाव खणायला घेतला तर चार फुटांवर कॅलिची लागली, काँक्रीटसारखी. ठोकायला यंत्र आणावं लागलं आणि खर्च जवळपास दीडपट झाला. वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पावसाच्या गावात हे अपेक्षितच. ही झाली पहिली तऱ्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्ट्रिप सोडून गावाच्या उत्तर टोकाला गेलो. तिथे टूल स्प्रिंग्ज म्हणून फिकट पांढऱ्या-पिवळ्या मातीच्या टेकड्या आहेत. २०१४ च्या डिसेंबरात साडेबावीस हजार एकरांचं राष्ट्रीय स्मारक म्हणून त्या राखून ठेवल्या गेल्या. झाड नाही, पाणी नाही. आणि मातीत मॅमथ, उंट, घोडे, बायसन यांची हाडं! पांढरे थर बघून पूर्वी भूशास्त्रज्ञांना वाटलं होतं की इथे मोठं सरोवर असणार. १९८० च्या दशकापासून जे क्वेड आणि इतरांनी दाखवलं की सरोवर नव्हतं. झरे होते, दलदल होती, पाणथळ कुरणं होती. वाऱ्याने आलेली धूळ ओल्या गवतात अडकली आणि झऱ्याच्या पाण्यातला चुना तिच्यात बसत गेला.

पुढे अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षणातल्या कॅथलीन स्प्रिंगर आणि जेफ पिगाटी यांनी या थरांची वयं काढली. २०१५ च्या त्यांच्या निबंधातली गोष्ट मला सगळ्यात भिडली. ही कुरणं एकदाच वाळली नाहीत, पुन्हा पुन्हा वाळली. ग्रीनलंडच्या बर्फात ज्या ज्या वेळी अचानक गरमी झाल्याची नोंद आहे, त्या त्या वेळी इथलं पाणी आटलं. दलदल कितीही मोठी असली तरी तिचं जगणं भूजलाच्या पातळीवर, आणि ती थोडी खाली गेली की खेळ खलास.

'लास व्हेगास' या स्पॅनिश नावाचा अर्थच मुळी 'कुरणं'. गावाच्या मधोमध झरे होते, त्यांच्यावरच गाव वसलं. विहिरींतून उपसा वाढत गेला आणि १९६२ मध्ये ते झरे वाहायचे थांबले. हवामानाला जे करायला काही दशकं, काही शतकं लागत, ते माणसाने एका आयुष्यात केलं. दादा हे ऐकून बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आपल्या ओढ्याचं तेच झालं."

आता आमच्या रानाकडे. नेवासा म्हणजे प्रवरेचा काठ. ज्ञानेश्वरांचा पैसाचा खांब याच गावात. आणि याच काठावर, चुन्याने सिमेंटसारख्या जखडलेल्या वाळू-गोट्यांच्या थरांत, डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांना १९५० च्या दशकात अश्मयुगीन हत्यारं सापडली. जवळच्या चिरकी इथे गुद्रुन कोर्विनुस यांनी १९६० च्या दशकात उत्खनन केलं. तिथल्या चुनखडीचं वय युरेनियम-थोरियम पद्धतीने काढलं तर ते पद्धतीच्या आवाक्याबाहेर, म्हणजे साडेतीन लाख वर्षांच्या पलीकडे गेलं. आमच्या तालुक्यातली चुनखडी इतकी प्रसिद्ध, आणि तिच्यावर झाडं लावताना आम्ही दोघांनी तिचं नावही काढलं नाही.

२०१७ मध्ये काय झालं ते सांगतो. मोसंबीसाठी शिफारस मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्ड्याची असते. मे महिन्यात दादाने मजूर लावले. दीड-दोन फुटांवर कुदळ खणखणायला लागली. दादाचा फोन आला, "खाली कडक लागतंय, माणसं जास्त पैसे मागतायत. दीड फुटावर थांबू का?" मी त्या वेळी ऑफिसात होतो. म्हणालो, "चालेल की. वरून चांगली माती भर."

चालेल की!

आमच्या धंद्यात १४० पौंडांचा हातोडा ३० इंचांवरून पाडत नळी जमिनीत ठोकतात. ५० ठोक्यांत ती सहा इंचही गेली नाही तर 'रिफ्युजल' अशी नोंद करून किती खोलीवर ते लिहावं लागतं, आणि मग ते काय आहे याचा शोध घ्यावा लागतो. साध्या दुमजली दुकानासाठी, नुसत्या पार्किंगसाठीसुद्धा. माझ्या हाताखालच्या पोराने 'कडक लागलं, थांबलो' एवढंच लिहून आणलं असतं तर मी त्याला परत पाठवला असता. आणि माझ्याच बापाच्या जमिनीने दिलेला रिफ्युजल मी फोनवर दहा सेकंदांत निकालात काढला. यात रोपवाल्याची चूक नाही, मजुरांची नाही, दादाची तर नाहीच.

त्या थराने काय केलं ते आता सरळ दिसतं. मुळं दीड फुटाच्या कुंडीत अडकली. मुक्त चुन्यामुळे मातीचा सामू आठाच्या वर, त्यामुळे लोह मातीत असूनही झाडाला मिळेना. झाड लहान होतं तोवर भरलेल्या मातीवर भागलं, फळाचा भार आल्यावर भागेना. खालच्या अंगाला ओढ्याकडे तर जुना पाणथळ भाग. आजी सांगायची, तिथे लव्हाळे असत. तिथली चुनखडी दुसऱ्या तऱ्हेची, भूजलाने केलेली. मुळा कालव्याचं पाणी आल्यावर त्या बाजूला पाण्याची पातळी वर आली, उन्हाळ्यात पांढरं फुटू लागलं. सगळ्यात आधी गेली ती तिथलीच झाडं. वरच्या अंगाला बोअरचं पाणी, ते बायकार्बोनेटने भरलेलं. ड्रिपरची भोकं दर वर्षी पांढऱ्या सालीने बुजतात आणि दादा आम्ल सोडून ती मोकळी करतो. म्हणजे निसर्गाने हजारो वर्षांत केलं ते आम्ही प्लॅस्टिकच्या नळीत एका मोसमात करतोय.

आणखी एक, जास्त गंभीर. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण आणि भूमी उपयोग नियोजन ब्यूरोच्या शास्त्रज्ञांनी विदर्भात पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. त्यांचं सांगणं असं की कोरड्या हवेत कॅल्शियम चुन्याच्या रूपात बाहेर पडत राहिलं की मातीच्या कणांवर सोडियमचं प्रमाण वाढतं. जमीन चोपण होते, पाणी मुरत नाही. चुनखडी वाढणं हे जमीन बिघडत चालल्याचं लक्षण आहे, नुसता पांढरा रंग नव्हे.

माझं म्हणणं इथे येतं. १९ फेब्रुवारी २०१५ ला राजस्थानात सुरतगडला मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. (गंमत बघा, थरच्या वाळवंटाच्या काठावर, कंकराच्या मुलखात.) कल्पना उत्तम. पण पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. मुक्त चुना त्यात नाही. नमुनाही नेहमीच्या पिकांसाठी वरच्या १५ सेंटिमीटरचा. गहू-बाजरीला ते पुरतं. वीस वर्षं उभ्या राहणाऱ्या झाडाला नाही. कोरडवाहू महाराष्ट्रात तरी पत्रिकेवर तेरावी ओळ मुक्त चुन्याची हवी, आणि फळबागेसाठी एक मीटरपर्यंतचा नमुना सक्तीचा हवा. बागेसाठी कर्ज किंवा अनुदान देताना सातबारा मागतात, कोटेशन मागतात. खड्ड्याचा एक फोटो मागायला काय हरकत आहे?

दादाचा यावर आक्षेप होता, आणि तो रास्त होता. "आमच्याकडं सगळीकडंच चुनखडी. मग काय शेती सोडायची?" नाही. कुठे किती खोल आहे हे बघून पीक ठरवायचं. मोसंबीसाठी मुक्त चुना दहा टक्क्यांच्या आत हवा असं कृषी विद्यापीठं कधीपासून सांगतात. थोडा जास्त असला तर जंबेरीपेक्षा रंगपूर लिंबाचा खुंट बरा तग धरतो. थर दोन फुटांवर सलग असेल तर तिथे झाड लावूच नये. ज्वारी, हरभरा आपल्या पूर्वजांनी उगाच नाही निवडले.

आणि माझ्यासारख्या डॉलर पाठवणाऱ्यांना हात जोडून एक सांगणं. गावी बाग लावायला, फार्महाऊसला जमीन घ्यायला पैसे पाठवता ना? आधी उन्हाळ्यात जेसीबीने शेतात तीन-चार ठिकाणी मीटर-सव्वा मीटरचे खड्डे घ्यायला सांगा. एक वरच्या अंगाला, एक ओढ्याकडे. खड्ड्याच्या भिंतीचा टेप लावून फोटो मागवा. पांढरं कितीवर सुरू होतं, गोट्या आहेत की सलग थर, ते बघा. दर फुटाची माती वेगळी बांधून प्रयोगशाळेत द्या आणि मुक्त चुना मागून घ्या, आपणहून कोणी काढत नाही. सव्वातीनशे झाडांपुढे हा खर्च काहीच नाही. आणि फोनवर कोणी 'कडक लागतंय' म्हणालं तर कृपा करून 'चालेल' म्हणू नका.

दादा डिसेंबरात परत गेला. महिन्याभराने फोन आला. काढलेल्या बागेच्या जागी त्याने चार खड्डे घेतले होते. "वरच्या अंगाला साडेतीन फुटांवर लागली, मधी दोन, ओढ्याकडं सव्वा."

"लिहून ठेवलंस?"

"गोठ्याच्या भिंतीवर लिहिलंय, खडूनं."

"अरे, खडूनं नको, पुसून जाईल."

"चुन्यानं लिहितो मग," दादा म्हणाला.